क्वेंट्रेलचा रविवारचा फोन

"आजी, आज पालेभाजीत मीठ जास्त पडलं बघ. तू इथे असतीस तर माझा कानच पिळला असतास."

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात क्वेंट्रेल फोनवर बोलत होता. पलीकडून चकार शब्द नाही. चार वर्षं हेच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्यानं आजीला सांगितलं, मला मुलगे आवडतात. तिनं त्याची बॅग ओसरीवर आणून ठेवली. तेव्हापासून दर रविवारी, ती चर्चहून परतली की हा मेकन गावी, तिच्या घरी फोन लावायचा. ती उचलायची. बोलायची नाही, पण मध्येच बंदही करायची नाही.

"भिंतीशी बोलतोस मेल्या," मी म्हणायचे. मला मुली आवडतात हे कळल्यावर माझ्या आईबापांनी नंबरच बदलला होता. मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

"भिंत फोन उचलत नाही, याडिरा," असं म्हणून तो आम्हा सगळ्यांना वाढायला घ्यायचा. सुट्टीत घर नसलेले आम्ही. गोऱ्यांच्या त्या कॉलेजात आधीच काळे-सावळे, त्यात हे असले. दोघं तर शिक्षण सोडून निघालेच होते. यानं जेवायला घालून घालून त्यांना थांबवलं. इतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याचं पदवीदान नेमकं रविवारी आलं, तेही फोनच्या वेळेला. रांगेत शिरताना त्यानं फोन माझ्या हातात कोंबला.

"तू लाव. माझं नाव ऐकू दे तिला."

"आणि नाही उचलला तर?"

"उचलेल गं." पण रांगेतून दोनदा मागे वळून बघितलंन.

तिनं उचलला. "आजी, मी त्याची मैत्रीण. आता त्याचंच नाव येतंय," एवढं बोलून मी फोन उंच धरला. नाव पुकारलं. ओरडायचं नाही अशी ताकीद होती, पाळतंय कोण! आमची अख्खी ओळ खुर्च्यांवर चढून किंचाळली.

गलका ओसरल्यावर फोन कानाला लावला, तर पलीकडे ठक्क. आपटला म्हातारीनं!

मग टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या, सावकाश. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिनं रिसीव्हर टेबलावर टाकला होता. इकडे पुढची नावं सुरू झाली, तरी ती थांबेना.

क्वेंट्रेल झगा सावरत धावत आला. "होती का गं?"

मी फोन त्याच्या कानाला लावला. दर रविवारी तोंडाचा पट्टा सोडणारा तो, त्या दिवशी नुसता ऐकत उभा राहिला.