लिफ्टमध्ये दीर्घ श्वास

लिफ्ट अडकली की लोक ज्या नंबरवर फोन करतात, तिथे मी बसते. पूर्वी आमच्याकडे तीन मेकॅनिक होते. साहेबांनी दोघांना घरी बसवलं आणि उरला एकटा माझा धाकटा दीर. तो शहराच्या एका टोकाला दार उघडत असतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला कुणीतरी अंधारात माझ्या नावाने बोटं मोडत असतं. त्याला धड जेवायला उसंत नाही. उंचावर तारांशी खेळणारा माणूस असा थकला, तर एक दिवस जिवावर बेतेल. दुसरा माणूस कधी ठेवणार, असं जाऊ घरी रोज मला विचारते.

मी साहेबांकडे निदान एक माणूस मागितला. त्यांनी तो लगेच दिला. फक्त तो मेकॅनिक नव्हता, सजगता शिकवणारा गुरुजी होता.

गुरुजींचे कपडे पांढरेशुभ्र आणि आवाज खोकल्याच्या औषधासारखा. फोन उचलण्याआधी श्वासाकडे बघा, समोरचा ओरडला तर तो राग नुसता न्याहाळा, असं त्यांनी शिकवलं. अडकलेल्या माणसाला वाचून दाखवायला एक कार्डही दिलं. मी मेकॅनिकचा विषय काढला, तर म्हणाले की अडचण बाहेर नसतेच, वाट बघण्याशी आपण जे भांडतो ती खरी अडचण. साहेबांनी जोरजोरात मान डोलावली. का नाही डोलावणार? अडचण बाहेर नसली की तिच्यासाठी पगार द्यावा लागत नाही.

मी इमानेइतबारे कार्ड वाचत राहिले. एका आजोबांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि माझ्या घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली.

शेवटच्या वर्गाला येताना गुरुजी आमच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकले. फोन मलाच आला. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी कार्ड घेतलं आणि मधाळ आवाजात सुरू केलं, "तुम्ही आत आहात. श्वासही आत येतो आहे..."

"बाई, श्वास मला येतोय. माणूस पाठवा."

माणूस एकच आहे आणि तो लांब आहे, असं मी सांगितलं. पलीकडून हुंदका ऐकू आला आणि माझी सगळी मजा गेली. कार्ड टाकून मी जिना चढले आणि लिफ्टच्या दाराशी फरशीवर बसले. फटीतून त्यांच्याशी काहीबाही बोलत राहिले. दिराबद्दल, जावेबद्दल सगळं सांगितलं. त्यांनीही झोपेच्या गोळ्यांशिवाय डोळा लागत नाही, हे सांगून टाकलं. श्वासाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

दिराने येऊन दार उघडलं. गुरुजींनी त्याचे तेलकट हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाले, "आजच साहेबांशी बोलतो."

बोललेही. साहेबांनी मला आणि दिराला बोलावलं, तेव्हा गुरुजींचे केस नीट विंचरलेले होते. आयुष्यातला सर्वांत अर्थपूर्ण अर्धा तास आपण त्या लिफ्टमध्ये घालवला, असं ते सांगत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते खिडकीकडे बघत राहिले. मग आणखी मेकॅनिकची गरजच काय, असं म्हणून साहेबांनी विषय संपवला.

दीर काहीतरी बोलेल म्हणून मी वळले. तो भिंतीला टेकून उभ्याउभ्या झोपला होता.

साहेबांनी त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे कौतुकाने बघितलं. "बघा," ते हळूच म्हणाले, "याला न शिकवता जमलं."