रोपवाल्या काकूंचं प्रशिक्षण

"जा, जा! शाळेत जा! केस पिकले तरी बाईला पाटी-पेन्सिल हवी!" धाकट्या जावेनं झारी बांधावर आपटली. "आणि इथं दहा वाफ्यांना पाणी कोण घालणार? तुमचा मास्तर येणार?"

"तीनच दिवस गं. हां हां म्हणता सरतील."

"तीन दिवसांत मिरचीचं रोप मरतं, ताई. हे तुम्हीच मला शिकवलंय. तेही बिनपैशानं!"

जाऊ खरं बोलत असली की रोपवाल्या काकू गप्प बसत, आणि खोटं बोलत असली की त्याहून गप्प. काठीच्या टोकाला जुन्या चादरीचं फडकं बांधलेलं होतं. ते त्यांनी रोपांच्या शेंड्यांवरून अलगद फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. रोपं वाकली, पुन्हा उभी राहिली. रोज सकाळी दहाही वाफ्यांवर हे चालायचं. येणारे-जाणारे हसायचे, "काकू, अंगाई पण म्हणा!"

पण लावणीचे दिवस आले की तेच हसणारे टोपल्या घेऊन दारात उभे राहत. काकूंचं रोप वावरात गेलं की मान टाकत नसे. वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, काहीही घ्या. जमीन म्हणाल तर एवढीशी, बैल वळवायचा तर शेजाऱ्याला विचारावं लागे. पण त्या एवढ्याशा जमिनीवर अर्ध्या गावाची भाजी जन्माला यायची.

वैर होतं ते उन्हाशी. गेल्या उन्हाळ्यात दहातले सहा वाफे करपून गेले. सकाळी हिरवे होते, दुपारी पापडासारखे झाले. काकूंनी नेसायची लुगडी बांधून सावली केली, तर वाऱ्यानं लुगडी नेली आणि गावाला आठवडाभराची करमणूक झाली. वाफ्यांवर शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, हवी होती. तिच्याशिवाय आणखी एक उन्हाळा निघणं कठीण होतं. आणि शेडनेटला सरकार अनुदान देत होतं. अट एकच: तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र. विषय होता 'सशक्त रोपे कशी तयार करावीत'.

म्हणजे माशाला पोहायचा दाखला आणायला पाठवल्यासारखंच झालं. पण काकू गेल्या.

प्रशिक्षण केंद्र होतं पंचायतीच्या सभागृहात. चार पंखे, चाळीस खुर्च्या, आणि समोर पांढरा पडदा. शिकवणारे साहेब त्या पडद्यापासून हात-दीड हातापलीकडे कधी गेले नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच बायकांनी त्यांचं नाव 'पडदेवाले' ठेवून टाकलं. त्यांच्या बुटांना माती नव्हती, विजारीला चुणी नव्हती आणि बोलण्याला स्वल्पविराम नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते, पण यांच्या उंटालाही पंखा लागत होता.

खिडकीपाशी टेबलावर त्यांनी रोपांचे सहा ट्रे मांडले होते. "हे आपलं प्रात्यक्षिक. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून मोठ्या मॅडम हेच बघायला येणार आहेत."

काकूंनी ट्रेवर नजर टाकली. रोपं काटकुळी, ताडमाड वाढलेली. सगळी खिडकीकडे माना वळवून बसलेली, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरांसारखी. शिपाई दिवसातून तीनदा पाणी ओतत होता. साहेबांनीच सांगितलं होतं.

"साहेब," काकू उभ्या राहिल्या. "यांना जरा बाहेरचं वारं लागू द्या. पाणी कमी करा. आणि सकाळी फडक्यानं थोपटा."

"थोपटा?" साहेब हसले. सभागृहही हसलं, कारण साहेब हसले होते. "आजी, हे रोप आहे, बाळ नाही. शास्त्रात असं काही लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं असेल," म्हणून काकू बसल्या. 'आजी' मात्र त्यांना झोंबलं. साहेबांचं टक्कल त्यांच्या पिकल्या केसांहून जुनं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृहाचं दार उघडलं तर सहाच्या सहा ट्रे आडवे. बुडाशी खोडं कुजून गेली होती. रणांगणावर कोणी उरलं नव्हतं. पडदेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तेही ट्रेमध्येच गेलं असावं, इतकी तिथं ओल होती.

दुपारी ते काकूंच्या खुर्चीपाशी आले. आवाज एकदम मऊ झाला होता. "काकू, तुमच्याकडे रोपं असतात म्हणे?"

"असतात की. आजीकडे असतात."

"राग धरू नका हो. उद्यापुरते सहा ट्रे मिळतील? मॅडमना रिकामं टेबल कसं दाखवू?"

संध्याकाळी जाऊ ऐकून उसळली. "देऊ नका! नाचता येईना त्याचं अंगण आपण का सारवायचं?"

"अगं, त्याच्या हातात माझं प्रमाणपत्र आहे," काकू म्हणाल्या, आणि वाफ्यातली सगळ्यात चांगली मिरची ओल्या मातीसकट काढून ट्रेमध्ये बसवायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम आल्या. पडदेवाल्यांनी ट्रेपुढे हात पसरला. "ही आपल्या केंद्राच्या सुधारित पद्धतीची रोपं, मॅडम."

मॅडमनी पुढं जाऊन एक खोड चिमटीत धरलं. बाई कधीतरी मातीत वावरलेली असावी, धरण्यावरून कळतं. "खोड एवढं जाड? काय केलंत?"

"ते... पोषक द्रव्यं, मॅडम. आणि... तापमान."

"कोणती द्रव्यं?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा पांढराच होता. मग सभागृहातल्या चाळीस जणांनी एकदम काकूंकडे पाहिलं, आणि मॅडमनी त्या चाळीस जणांकडे.

"तुम्ही सांगता?"

"सांगते की." काकू उठल्या. "रोप लाडात वाढलं की लेचंपेचं होतं. रोज सकाळी फडक्यानं हलवायचं. त्याला वाटतं वारा आला. मग ते पाय रोवतं, अंग धरतं. पाणी द्यायचं ते माती मागेल तेव्हा. साहेब म्हणतील तेव्हा नाही."

मॅडम खळखळून हसल्या. "यांना आजपासून आपल्या केंद्राच्या प्रशिक्षक करून घ्या. लिहा."

टाळ्या पडल्या. मॅडमच्या कारकुनानं लिहिलं, आणि लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, मग यांचं नाव अनुदानाच्या यादीतून काढावं लागेल. प्रशिक्षकाला अनुदान मिळत नाही. नियम आहे."

टाळ्या थांबल्या. काकूंच्या डोळ्यांपुढं करपलेले सहा वाफे उभे राहिले.

"म्हणजे ज्याला येतं त्याला नाही, आणि ज्याला येत नाही त्याला आहे?"

"तसं नाही हो काकू," कारकून म्हणाला. मग प्रामाणिक माणूस, जरा विचार करून पुढं म्हणाला, "म्हणजे... तसंच."

मॅडमनाही अवघडल्यासारखं झालं. विषय बदलावा म्हणून त्यांनी साहित्याची यादी मागितली. कारकून वाचू लागला. "ट्रे सहा. झाऱ्या दोन. शेडनेट, प्रात्यक्षिकासाठी, एक गठ्ठा, दहा वाफ्यांपुरती."

"शेडनेट? ती कुठं आहे?"

"गोदामात, मॅडम," पडदेवाले पुढं झाले. "दोन वर्षं झाली, अगदी सुरक्षित."

"सुरक्षित? कशापासून?"

"उन्हापासून."

सभागृहात कोणी हसलं नाही. एवढं मोठं हसू तोंडात मावत नव्हतं.

काकूंनी पदर खोचला. "मॅडम, मी आता प्रशिक्षक ना? मग मी शिकवायचं कुठं? या पंख्याखाली? यांची रोपं या पंख्याखालीच गेली."

"मग?"

"माझ्या वाफ्यांवर या. सगळ्यांना तिथंच शिकवीन. फक्त प्रात्यक्षिकाची जाळी प्रात्यक्षिकावर टाका."

"ती कोणाला देता येत नाही!" पडदेवाले म्हणाले.

"देऊ नका हो. मी कुठं मागतेय? तुमचीच राहू दे. माझ्या वाफ्यांवर नुसती पसरून ठेवा."

मॅडमनी पेन काढलं. काकू त्यांच्या खांद्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती वर्षं ते पण लिहा, मॅडम. आपण माणसं, विसरतो."

मॅडमनी पाच वर्षं लिहिलं.

उन्हाळा आला तेव्हा दहाही वाफ्यांवर हिरवी सावली होती. पुढं एक भला मोठा फलकही होता: 'प्रशिक्षण केंद्राचे यशस्वी प्रात्यक्षिक'. खाली पडदेवाल्यांचं नाव. काकूंचं नाव कुठंच नव्हतं.

जाऊ भडकली. "उपटून चुलीत घालते बघा!"

"राहू दे. ऊन फलकावर पडतंय ना? पडू दे. रोपांवर पडत नाही."

पहिली तुकडी आली तेव्हा पुढं पडदेवालेच होते. चाळीस जण मागं. ते बांधावर उभे राहून बोलायला लागले. "शास्त्र असं सांगतं की रोपांना रोज सकाळी फडक्यानं..."

"साहेब," काकूंनी मध्येच हाक मारली. "शास्त्र जरा थांबवा. वाफ्यात पाय दिलाय तुम्ही."

साहेब टुणकन उडाले. मिरचीची दोन रोपं आडवी झाली होती. ते वाकले, हात पुढं केला, आणि मातीपासून चार बोटांवर तो तसाच अडला. चाळीस जण बघत होते.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं आणि पाचही बोटं मातीत दाबली.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "नखात जाते. चावत नाही."