तीर्थाचा कॅन

मी प्लॅस्टिकचा कॅन. पाच लिटरचा, वर धरायला मूठ असलेला. एके काळी पांढरा होतो, आता पिवळट पडलोय. माझं काय सांगायचं, असं वाटेल तुम्हाला; पण सवडीनं ऐका.

मुंबईच्या एका खानावळीत मी गोडेतेल घेऊन आलो. तेल संपलं, तसं मला मागच्या नाल्यात टाकलं. टाकणाऱ्याचा राग नाही. नाल्यात आमच्यासारख्यांचा ढीग पडलेला होता. त्याला वाटलं, जागा हीच.

नाल्यानं मला समुद्रात नेलं. एकट्याला नाही. संडासाचं पाणी, दवाखान्यातलं, कारखान्यातलं, सगळं माझ्यासंगं आत आलं. माझं झाकण अर्धवट फिरवलेलं, त्यामुळं थोडं पोटातही शिरलं. मग आतून बाहेरून बुळबुळीत थर चढला. त्या थरात जीव असतात, डोळ्याला न दिसणारे. माणसाचं पोट बिघडवणारेही त्यातच. माझ्या अंगावर ते सुखानं वाढले.

एका भरतीनं मला वाळूवर आणून टाकलं. तिथं अंजनाबाई भेटल्या. कृष्णाखोऱ्यातल्या, आष्ट्याजवळच्या मळ्यातून लेकाकडं, विश्वजीतकडं, आल्या होत्या. समुद्र पहिल्यांदाच बघत होत्या. चप्पल काढून त्यांनी हात जोडले, आणि मला उचललं.

"आई, टाक ते. कचरा हाय."

"चांगला धडधाकट कॅन हाय की रं! तुमा मुंबईवाल्यांना वस्तूची किंमतच न्हाई."

त्याच पाण्यात वाळू घालून त्यांनी मला घासलं, आणि त्याच पाण्यानं भरलं. विश्वजीतचं बाळ सव्वा महिन्याचं होऊन आजोळाहून मळ्यावरच्या घरी येणार होतं.

"समद्या नद्या हितंच येत्यात. आपली कृष्णाबी आली आसंल. बाळाच्या जिभंला ह्येच तीर्थ लावायचं."

"आई, कृष्णा पल्याडच्या समुद्राला जाती."

"समिंदर काय दोन आसत्यात व्हय?"

विश्वजीत नुसता हसला. तिथंच चुकला.

परतताना एसटीत उन्हानं माझं पोट फुगलं. मळ्यावर आलो तोवर सून प्रियदर्शनी बाळाला घेऊन माहेराहून, लोणंदहून, आलेली. बाळाला देवापुढं घातलं. माझ्या पोटात काय आहे ते मलाच ठाऊक. तोंड आहे, पण बोलता येत नाही. त्या कोवळ्या जिभेवर थेंब पडला तर?

अंजनाबाईंनी झाकण फिरवलं. फुस्स झालं, आणि देवघरभर वास सुटला.

"आगं, गटार आणलंस का काय?" त्यांचे मालक, जोतिबा नाना, ओरडले.

"आवं, समिंदराला वास आसतोच. तुमी कवा बघितलाय?"

"समिंदर न्हाई बघितला. गटार लय बघितल्यात."

अंजनाबाईंनी हट्टानं वाटीत पाणी ओतलं, बोट बुडवलं. सुनेनं बाळ छातीशी धरलं. "आत्या..." एवढंच सासूला म्हणाली. बोट पुढं आलं, आणि मधेच थांबलं. बाईंनी ते स्वतःच्या नाकाशी नेलं. मग त्या उठल्या, वाटीतलं पाणी परत माझ्यात घातलं आणि साबणानं दोनदा हात धुतले. बाळाला मधाचं बोटसुद्धा लावलं नाही. "आईचं दूध बास," म्हणाल्या.

मला रिकामं करायला बाहेर आणलं. तुळशीत ओतवेना. विहिरीचा तर प्रश्नच नाही. ओढ्याकडं वळल्या, तर नाना म्हणाले, "ओढा कृष्णेला जातुया." उसाच्या सरीपाशी क्षणभर उभ्या राहिल्या, मागं फिरल्या.

"मग वतू तरी कुठं?"



तेव्हापासून मी भरलेलाच गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे, झाकण घट्ट लावून. येणारी-जाणारी माणसं बघतात आणि पुढं जातात. ओतायची जागा तुम्हाला सुचली, तर मळ्यावर येऊन सांगा. सावकाश या. मी काही कुजत नाही.