मुराळी

कडूबाईनं छत्रीच्या वाकड्या मुठीत चाफ्याची फांदी अडकवली आणि हळूच खाली ओढली. टोकाला रात्रीतून फुलं उमलली होती. तिनं चष्मा पदरानं पुसला, पुन्हा लावला, आणि एका फुलाची पाकळी अंगठ्यानं उलगडून आतून पाहिली.

आतूनही तांबडीच.

"आलं का शेवटी फूल!" ज्योती फेरी अर्धवट सोडून धापा टाकत जवळ आली. शेजारच्या सोसायटीतली ही पोरगी बँकेत होती, आणि सकाळी बागेत चालता चालता सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारायची. "काय रंग आहे काकू! थांबा, फोटो काढते. तुमच्या दादांना पाठवू."

"नगं बाई. राहू दे जरा."

"अहो, तीन वर्षं वाट बघताय. आता माहेरची तयारी करा!"

कडूबाई हसल्यासारखं करून फांदीकडंच बघत राहिली. मुठीतून फांदी सुटली आणि झर्रकन वर गेली.

सावेडीतली ही बाग फाल्गुनापर्यंत धूळ खात पडलेली असे आणि चैत्र लागला की ओळखू येत नसे. कडुनिंबाला मोहर यायचा आणि त्याचा कडसर-गोड वास फाटकापासूनच अंगावर यायचा. करंजाला पोपटी पालवी फुटायची, कुंपणावर बोगनवेल पेटून उठायची. ज्यांना घरी कुणी विचारत नसे अशी म्हातारी माणसंही या दिवसांत बागेत येऊन देवळात बसल्यासारखी बसत. त्या सगळ्या हिरवाईत कडूबाईचा चाफा तेवढा उघडावाघडा, नुसत्या काठ्या घेऊन उभा असायचा. त्याला सगळे 'दादाचं झाड' म्हणत. कडूबाईनंच ते नाव पाडलं होतं.

दादा म्हणजे तिचा तिसगावचा थोरला भाऊ, नाव श्रीमंत. आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवतो न शिवतो तोच त्यानं हक्कसोडीचा कागद तिच्यापुढं धरला होता. जमिनीवरचा हक्क तिनं हसत सोडला असता. पण त्या दिवशी, त्या घटकेला नाही. ती उठली आणि चारचौघांत बोलून गेली, "आता मुराळी आल्याबिगर तुझ्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई."

सासरहून लेकीला न्यायला येतो तो मुराळी. बहुतेक करून भाऊच. श्रीमंत आला नाही. तिनंही फोन केला नाही. रुसवा फोनवर निघत नसतो, असं तिचं म्हणणं. शेवटी तिचा नवरा वैजनाथ आपणहून उठला आणि समजूत घालायला तिसगावला गेला. संध्याकाळी परतला तो हातात चाफ्याची फांदी घेऊन. म्हणाला, "तुझ्या आईच्या दारातली हाय. श्रीमंत म्हणला, ही लाव. हिला फूल येईल त्या दिवशी मुराळी आला समज, आन् निघून ये."

कडूबाई त्या रात्री रडली होती, आणि रडता रडता कित्येक दिवसांनी पोटभर जेवलीही होती. फ्लॅटच्या कुंडीत चाफा कसा जगावा, म्हणून ती फांदी बागेत लावली. पहिल्या वर्षी ती शेळीनं खाल्ली, दुसऱ्या वर्षी पोरांच्या बॉलनं मोडली. तरी झाड जगलं. दर भाऊबिजेला कडूबाई खोडाला कुंकू लावून ओवाळायची. वाऱ्यानं निरांजन विझू नये म्हणून वैजनाथ दोन्ही हातांचा आडोसा धरून उभा राहायचा.

चार दिवसांपूर्वी कळ्या लालसर दिसल्या, तेव्हा तिनं स्वतःला सांगितलं होतं की आईच्या पांढऱ्या चाफ्याच्या कळ्याही बाहेरून अशाच असायच्या.

वैजनाथ पलीकडच्या बाकावर बसला होता. मांडीवर बोटांनी ठेका धरून कालच्या कीर्तनातली चाल घोळवत होता. आदल्या रात्री तो टाळ घेऊन बुवांच्या मागं उभा होता आणि पसायदानापर्यंत हलला नव्हता. कडूबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बस गं. ही चाल ऐक. बुवांनी काल अशी काय उचलली..."

"फूल उमललं."

ठेका थांबला. "उमललं? वा! रामकृष्ण हरी!"

"तांबडं हाय."

वैजनाथनं एकदा झाडाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "तांबडं तर तांबडं. देवाला का रंग..."

"आईच्या दारात पांढरा हाय. फांदी लावली की मूळ झाडासारखंच फूल येतं."

"इथली जमीन येगळी. त्यात म्युन्सिपाल्टीचं पानी..."

"अहो," कडूबाई हळू बोलली, "गळ्यात माळ हाय तुमच्या."

त्याचा हात आपोआप तुळशीच्या माळेवर गेला आणि तिथंच थांबला. समोरून कुणीतरी "माउली" म्हणत गेलं. त्यानं नुसती मान हलवली.

"त्या दिवशी बस तिसगावात थांबली," तो म्हणाला. "श्रीमंत स्टँडवरच उभा हुता. हॉटेलापुढं. चा पीत. मी उठलो बी हुतो. पन त्यानं चारचौघांत पानउतारा केला तर... पाय उचलंना. बस सुटली."

"मग?"

"मग पाथर्डी. दुपारभर स्टँडवर बसलो. रित्या हातानं तुझ्यापुढं कसं यावं? एका भिताडाच्या बाहेर चाफ्याची फांदी आली हुती. पानगळ झालेली, नुसती काठी. कोन्त्या रंगाची त्ये काय ठाऊक."

"आन् त्ये? मुराळी आला समज?"

वैजनाथनं खाली पाहिलं. "त्ये येताना बसमधी सुचलं."

कडूबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मोगऱ्याच्या ताटव्यापाशी पोरं ओरडत होती. रोजच्यासारखं ती त्यांना रागावली नाही.

"कीर्तनात बग," तो चाचरत म्हणाला, "दृष्टांत बनवून सांगत्यात. त्यातला भाव खरा आसला म्हंजी झालं. तुझा जीव शांत व्हावा हाच माझा..."

"मी कीर्तन ऐकाया बसले हुते व्हय तुमच्यापुढं? मी घास गिळत न्हवते तवा."

"चुकलं माझं."

"भाऊबिजेला ओवाळीत हुते मी त्याला. तुमी दिव्याला हात धरून उभं. एकदा बी जीभ उचलली न्हाई?"

ती त्याच्या मळकट, खरखरीत हातांकडं बघत राहिली. मग एकाएकी तिनं मान वर केली.

"म्हंजी दादा न्हाई म्हणला न्हवता."

"आँ?"

"व्हय बी न्हाई, न्हाई बी न्हाई. त्याला कुनी इचारलंच न्हाई."

ती उठली. छत्री घेऊन सरळ फाटकाकडं चालू लागली. ज्योतीनं लांबून "काकू, फोटो!" म्हणून हाक मारली, तरी ती थांबली नाही. वैजनाथ चपला कशाबशा पायांत सरकवत मागं निघाला.

"अगं, घरी तरी चल. लुगडं तरी बदल. आन् मुराळी आल्याबिगर जानार न्हाई म्हणली हुतीस ना?"

तिनं रिक्षाला हात केला. माळीवाडा स्टँडपर्यंत दोघं एका सीटवर बसली, मधे छत्री.

पाथर्डीची बस भरत आली होती. कडूबाईला खिडकी मिळाली. शेजारी एक लेकुरवाळी बाई येऊन बसली, तसा वैजनाथ मागच्या सीटवर गेला. भिंगारच्या पुढं कंडक्टर आला.

"बोला मावशी."

"तिसगाव. एक हाफ."

कंडक्टरनं मशीनवर बोट ठेवून मागं पाहिलं. "बाबा तुमच्यासंगंच चढले ना? दोन करू का?"

"नगं," कडूबाई म्हणाली. "त्ये तिसगावात उतरत न्हाईत."

लेकुरवाळी बाई तिच्याकडं बघतच राहिली. कंडक्टर तिकीट फाडून मागच्या सीटपाशी सरकला. "हां बाबा, कुठं जायचं?"

कडूबाईनं मान वळवली नाही. कानावरचा पदर तेवढा मागं सारला.