ऱ्हस्व उ

“बसा की हो,” हवालदार तिसऱ्यांदा म्हणाला. “असे माझ्या डोक्यावर उभे राहिलात तर मला लिहायला सुचायचं नाही.”

“नको. मी उभाच बरा.”

हवालदाराला सर्दी झाली होती. त्याने रुमालात नाक शिंकरलं, समोरच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि वरचं पोस्टकार्ड उचललं. मग दुसरं, मग तिसरं. सगळी एकाच हातची, बारीक, घट्ट अक्षरातली. सव्वाशे तरी असतील.

“काय आहे हे?”

“कोडी.”

“कसली कोडी?”

“शब्दांची. एका शब्दाची अक्षरं फिरवायची आणि दुसरा शब्द काढायचा. माझी बहीण पाठवायची मला.”

“जी मागच्या आठवड्यात गेली ती?”

“हो.”

हवालदार खुर्चीत मागे रेलला. “म्हणजे बघा, तुमचं म्हणणं असं, की ती न्हाणीघरात घसरून पडली नाही. नवरा मारायचा. आणि त्याचा पुरावा म्हणून तुम्ही मला कोडी आणून दिलीत.”

असं सरळ मांडल्यावर ते वेडगळच वाटत होतं. पण गेली अकरा वर्षं ही कार्डं ती घेऊन आलेल्या याच माणसाच्या कपाटात होती आणि त्यालाही ती नुसती कोडीच वाटली होती. तेव्हा हवालदाराला नावं ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

कचेरीत या माणसाला सगळे कानामात्रा म्हणत. एका साप्ताहिकात तो मुद्रितं तपासायचा, तीस वर्षं, एकाच टेबलावर, लाल शाईचं पेन घेऊन. संपादकाचा अग्रलेख असो नाहीतर हरवलेल्या छत्रीची जाहिरात, वेलांटी चुकली की हा कागद घेऊन समोर हजर. बाकी कशासाठी त्याने उभ्या जन्मात आवाज चढवला नाही. त्याच्या मागून आलेला माणूस त्याच्या वर बसवला तेव्हा नाही, शेजाऱ्याने कुंपण हातभर अलीकडे सरकवलं तेव्हाही नाही. “जाऊ दे, तंटा नको,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. ऱ्हस्व-दीर्घ मात्र तो जाऊ द्यायचा नाही. तिथे त्याच्या अंगात कुठून बळ यायचं कोण जाणे.

साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर ‘उलटापालट’ नावाचं कोड्यांचं सदर होतं. तेही तोच चालवायचा, आणि हौस म्हणावी अशी त्याच्या आयुष्यात ती एकच. ही हौस बापाकडून आली होती. बाप दुकानांच्या पाट्या करायचा. पत्र्याची कापलेली अक्षरं घरभर पडलेली असत आणि भाऊ-बहीण ती जमिनीवर मांडून बसत. दगड फिरवला की गडद. गरज फिरवली की गजर. कान उलटा केला की नका, आणि राख उलटी केली की खरा. मुलगा लंबू, मुलगी चार वर्षांनी लहान आणि ठेंगणी. बाप हाक मारायचा, “ए दीर्घ, ए ऱ्हस्व, जेवायला चला.” ती नावं पडली ती पडलीच. बाप गेला, आई गेली, तरी तिच्या पत्राखाली सही असायची ‘ऱ्हस्व’.

खेळाचे नियम बापाचे, आणि कडक. अक्षरं तीच हवीत, काना-मात्रा तीच हवी, ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ चालायचं नाही. ती आठ वर्षांची असताना एकदा नाचत आली होती, की भाऊ उलटा केला की उभा होतो. त्याने अक्षरं लावून पाहिली आणि मान हलवली.

“ऊभा होतं ते. भाऊमधला ऊ दीर्घ आहे. उभा ऱ्हस्व उने लिहितात.”

“एवढंसं तर आहे. चालवून घे ना.”

“नाही चालत.”

ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

पुढे ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. माणूस चारचौघांत गोड. त्या गल्लीत कुणालाही विचारा, चांगलंच बोलेल. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी ती पिशवी घेऊन भावाच्या दारात आली. डावा हात मनगटापासून सुजलेला. “दारात सापडला,” म्हणाली. मग पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, “दारात नाही सापडला.” एवढंच बोलून ती भावाच्या तोंडाकडे बघत बसली.

आतल्या खोलीतून त्याची बायको म्हणाली, “राहू दे तिला इथंच. जागा आहे की आपल्याकडे.” नणंदेसाठी भावजय हे म्हणाली, आणि सख्ख्या भावाने काय केलं, तर मेहुण्याला फोन केला. मेहुणा फोनवर रडला. पुन्हा असं होणार नाही म्हणाला. भावाला तेवढं पुरलं. खरं सांगायचं तर त्याला तेवढंच ऐकायचं होतं. चार वाजताच्या गाडीला तो स्वतः तिला बसवायला गेला. सुजलेला हात मांडीवर ठेवून ती खिडकीशी बसली आणि म्हणाली,

“भाऊ उलटा केला की काय होतं रे?”

त्याला हसू आलं. ही थट्टेवर आली म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्या शहाण्याला वाटलं. “ऊभा,” तो म्हणाला. “अजून दीर्घच आहे. नाही चालत.”

“हो. नाहीच चालत,” ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

त्यानंतर तिने घरचं म्हणून एक अक्षर लिहिलं नाही. फक्त कोडी, महिन्याला एक, पोस्टकार्डावर. बंद पाकीट नवरा फोडून बघायचा. उघड्या कार्डावर कोडं दिसलं की भावंडांचं खूळ म्हणून टाकून द्यायचा. हे ती एकदा फोनवर सहज बोलून गेली होती. यानेही सहज ऐकून सोडून दिलं होतं.

“बरं, एखादं सोडवून दाखवा बघू,” हवालदार म्हणाला. त्याने एक कार्ड डोळ्यांजवळ धरलं. “‘तीन अक्षरी. शाळेत नाव पुकारलं की मी हे म्हणायचे. आता पहिली दोन अक्षरं अदलाबदल करून घ्यावीशी वाटतात.’ काय हे?”

“हजर. आणि जहर.”

हवालदाराचा रुमाल नाकाशीच थांबला. “मग तुम्ही काय कळवलंत तिला?”

“उत्तर लिहिलं. कोडं उत्तम आहे, पुढच्या अंकात घेतो म्हणून कळवलं. आणि घेतलंही.”

हवालदाराने दुसरं कार्ड ओढलं. “‘मागून मागून माणसाचं काय होतं? जे मागितलं त्याच्याच अक्षरांत सांगा.’”

“मदत. तो दमत जातो. दमत.”

“आणि हे खाली लाल शाईत काय?”

“माझा शेरा आहे. दमत हे क्रियापदाचं अर्धं रूप झालं, कोड्यात पुरा शब्द लागतो. म्हणून नापसंत. तिलाही तसंच कळवलं होतं.”

त्याने हे कचेरीत मुद्रित वाचून दाखवावं तशा आवाजात सांगितलं. शेजारच्या बाकावर सायकल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन एक म्हातारा बसला होता. तो इतका वेळ कंटाळून छताकडे बघत होता, तो आता याच्याकडे बघायला लागला.

“कमाल माणूस आहात,” हवालदार म्हणाला.

तिसरं कार्ड कानामात्राने स्वतःच गठ्ठ्यातून काढून पुढे ठेवलं. ते पाच वर्षांपूर्वीचं होतं. ‘आठ जखमांच्या खुणा शेजारी शेजारी ठेवल्या. काय तयार झालं?’ आठ वण. आठवण. सदर सुरू झाल्यापासून इतकं गाजलेलं कोडं दुसरं नव्हतं. वाचकांची ढीगभर पत्रं आली, संपादकाने पाठ थोपटली. याने बहिणीला अंकाची प्रत पाठवली, वर ‘शाब्बास, ऱ्हस्व’ असं लिहून. आठच का, सहा का नाहीत, हा प्रश्न तेव्हा त्याच्या मनात आला होता, नाही असं नाही. त्याने स्वतःला उत्तरही देऊन टाकलं होतं, की या शब्दात आठच बसतात.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात नर्स फॉर्म भरत होती. बहीण शुद्धीवर नव्हती. डोकं पट्ट्यांनी गुंडाळलेलं, पलंगावर ती होती त्याहूनही लहान दिसत होती. नर्सने तिच्या बाह्या वर केल्या, तिला कुशीवर वळवून पाठ बघितली, ओठांत काहीतरी मोजलं आणि फॉर्मच्या रकान्यात आकडा लिहिला.

“अंगावर जुने वण आहेत,” ती म्हणाली. “अकरा.”

पाच वर्षांपूर्वी आठ होते.

“कशाचे आहेत?”

“धांदरट आहे हो फार,” पायथ्याशी उभा असलेला मेहुणा म्हणाला. “कधी भाजतं, कधी कापतं. काल न्हाणीघरात पाय घसरला.”

नर्सने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “तुम्ही कोण?” तिने याला विचारलं.

“भाऊ.”

“तुम्हाला काय माहीत आहे?”

सगळं माहीत होतं. सव्वाशे कार्डांची उत्तरं त्याला तोंडपाठ होती. मेहुण्याने जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने ठेवावा तसा. हात जड होता.

“घसरली असेल,” भाऊ म्हणाला.

नर्सने तसं लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी बहीण गेली. पुढचं सगळं मेहुण्याने भराभर उरकलं, आणि हा त्या घरात आल्यागेल्याला पाणी देत फिरला. घरी आल्यावर त्याने कपाटातून कार्डं काढली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. चार दिवस तो कचेरीत गेला नाही. कार्ड वाचायचं, खालचा आपला लाल शेरा वाचायचा, पुढचं घ्यायचं. लाजेने त्याला अन्न गोड लागेना. एका कार्डावर त्याने तिची वेलांटी सुधारली होती आणि समासात लिहिलं होतं, ‘घाईत लिहू नये’. पाचव्या दिवशी सकाळी बायकोने सुतळी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. “आता तरी जा,” एवढंच म्हणाली. अकरा वर्षांत ती त्यावर पहिल्यांदाच बोलली होती.

हवालदाराने कोरा कागद पुढे ओढला. “हे बघा, आधीच सांगतो. या कार्डांनी सिद्ध काही होत नाही. वकील हसतील.”

“हसू दे.”

“वणांचा कागद आम्ही दवाखान्यातून मागवून घेऊ. पण तुम्हीच म्हणता की त्यावर तुमचंच म्हणणं लिहिलेलं आहे, घसरली म्हणून.”

“खोटं सांगितलं मी. आधी तेच लिहा.”

“अंगावर येईल तुमच्या. मेहुणा पण गप्प बसायचा नाही.”

“येऊ दे.”

“आणि ते अकरा वर्षांपूर्वीचं?”

“ती आली होती. हात सुजलेला होता. तिने मला सांगितलं, मारतो म्हणून. म्हणजे सांगितलं नाही, पण मला कळलं. मी तिला परत पाठवली. गाडीत मी बसवली. हे सगळं लिहा, माझ्या नावावर.”

हवालदार लिहायला लागला. एकेक वाक्य स्वतःशी पुटपुटायचा, लिहायचा, नाक पुसायचा. तासभर गेला. सायकलवाला म्हातारा उद्या येतो म्हणून निघून गेला. जाताना त्याने बाकावरची आपली जागा हाताने झाडली आणि याला बसायची खूण केली. याने मान हलवून नको म्हटलं. गुडघे भरून आले होते, पण तो टेबलाला टेकलासुद्धा नाही, आणि हवालदारही पुन्हा बसा म्हणाला नाही.

शेवटी त्याने कागद फिरवून याच्यासमोर सरकवला. “वाचून घ्या नीट. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. सही झाली की मग बदलता येत नाही.”

पहिल्या चार ओळींतच सहा चुका होत्या. ‘मारहान’ लिहिलं होतं, ‘न्हानिघर’ लिहिलं होतं. कानामात्राचा हात आपसूक खिशाकडे गेला आणि लाल पेन बाहेर आलं. टोपण काढून त्याने अगदी वरून सुरुवात केली. ‘मी मयत बाईचा सख्खा भाउ’.

भाउ. उ ऱ्हस्व. हवालदाराने घाईत पुढचा फाटा ओढलाच नव्हता.

पेन त्या अक्षरावर टेकायच्या बेतात होतं, ते तिथेच थांबलं. त्याने तो शब्द पुन्हा वाचला. मग लहानपणी जमिनीवर बसून वाचायचे तसा, शेवटाकडून वाचला. अक्षरं तीच होती, काना तोच होता, आणि उ ऱ्हस्वच होता. बापाच्या कुठल्याच नियमाने ते आता चुकीचं नव्हतं. कागदावरच्या ओळी त्याला थोडा वेळ दिसेनाशा झाल्या.

“काय हो,” हवालदार म्हणाला, “चुकलंय का काही?”

“नाही,” कानामात्रा म्हणाला. “बरोबर आहे.”

त्याने लाल पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं, हवालदाराचं निळं पेन मागून घेतलं आणि उभ्याउभ्याच खाली सही केली.