मिटलेलं भांडण

माझे सासरे रावजी, म्हणजे आबा, आमच्या वाडीचे गावकर, मानाचे पुढारी. बांधावरून डोकी फुटायची वेळ आली की लोक त्यांच्याकडे येतात. मग आबा सहाणेवर, शिमग्यात पालखी बसते त्या कट्ट्यावर, दोघांनाही समोर बसवून मिटवतात. मिटलं की नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे ठरलेलं त्याच्या कानावर घालायचं, आणि खोबरं वाटायचं. ज्याने खोबरं खाल्लं त्याने पुन्हा त्या विषयावर तोंड उघडायचं नाही. बांधासाठी पद्धत झकास आहे. माझी पोरगी म्हणजे बांध नव्हे, एवढंच आबांना कळलं नाही.

मनस्वी तिसरीत आहे. कानात यंत्र लावूनही तिला थोडंच ऐकू येतं, बाकीचं ती ओठांवरून समजून घेते. आमचे गुरुजी मात्र फळ्याकडे तोंड करून शिकवणार. त्यांच्या पाठीवरून पोरीने काय वाचायचं? अशा मुलांसाठी पालीहून विशेष शिक्षिका शाळेत येतात, नम्रता मॅडम. पहिलीत त्या नेमाने आल्या, तेव्हा मनस्वी अक्षरं गिरवायला लागली, मला ‘आई’ म्हणाली. पुढे गुरुजींनीच त्यांचं येणं थांबवलं. मी जाब विचारला तर म्हणाले, “वहिनी, एका पोरीपायी सगळ्या वर्गाचा खोळंबा होतो.”

माझं डोकंच फिरलं. तडक एसटी धरली आणि रत्नागिरीच्या शिक्षण कार्यालयात तक्रार देऊन आले. सुनावणीची तारीखही मिळाली.

बातमी वाडीत माझ्याआधी पोचली होती. संध्याकाळी गुरुजी आमच्या पडवीत हजर. माझ्याशी नाही, आबांशी बोलायला.

“गावातली भांडनं रत्नागिरीला न्ह्यायची नसतात गो,” ते गेल्यावर आबा म्हणाले. “हितंच मिटवू.”

“मिटवायचं काय आबा? मॅडम शाळेत यायला हव्यात, बस.”

“व्हय, व्हय. त्येच मागतो.”

आणि मागितलंही त्यांनी तेच. पण सहाणेवर बसलं की दोन्ही बाजूंनी थोडं मागे सरायचं असतं, ही त्यांची जन्माची सवय. गुरुजी म्हणाले, मॅडम येऊ देत, पण शाळेत नकोत, घरी येऊ देत. पोरीने घरीच शिकावं, सरकारने तशी सोय केलेलीच आहे. आबांना वाटलं, अर्धं तर मिळालं. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी “व्हय महाराजा” म्हटलं. बायकांच्या मागून मी ओरडले, “मला मान्य नाही!” कुणी मान वळवली नाही. खोबरं माझ्यापुढे आलं तेव्हा मी हात मागे घेतला. वाटणाऱ्याने तो तुकडा मनस्वीला दिला. तिला खोबरं फार आवडतं, तिने खाल्लं. तेवढ्यावर आमच्या घराची संमती झाली.

मुंबईहून नवऱ्याचा फोन आला, “आबांनी देवासमोर शब्द दिलाय. आता तू गप बस.” मी गप बसले नाही, पुन्हा रत्नागिरी गाठली. तिथले साहेब म्हणाले, शाळेने मिटल्याचं कळवलंय, सुनावणी रद्द. “गावातच सामोपचाराने मिटलं, याहून चांगलं काय हो?” साहेब खरंच खूश होता.

मग मी हट्टाला पेटले. मनस्वीला गणवेश चढवला आणि वर्गात नेऊन बसवलं. पटावर नाव आहे, हाकलतंय कोण ते बघते, म्हटलं. गुरुजींनी हाकललं नाही, शहाणा माणूस. सगळ्यात मागे खिडकीपाशी जागा दिली आणि फळ्याकडे वळले.

मंगळवारी नम्रता मॅडम स्कूटीवरून घरी आल्या. “पोरगी शाळेत आहे मॅडम, तिकडे चला ना,” मी हात जोडले.

त्यांनी आबांकडे पाहिलं. “द्येवाम्होरं ठरलंय,” आबा म्हणाले. “शिकवायचं त्ये हितंच.”

“मला शाळेत जायची परवानगीच नाही हो,” मॅडम हळूच म्हणाल्या. चित्रांची पिशवी मांडीवर घेऊन त्या तासभर पडवीत बसल्या, चहा घेतला आणि शुक्रवारी येते म्हणून गेल्या.

तासाभरासाठी पोरीला घरी आणायला माझं काय जातं, असं शेजारणी विचारतात. एकदा आणली की ती घरचीच झाली, शाळेचं दार कायमचं बंद. हे मला कळतं, आणि मॅडमशिवाय तिचं रोज नुकसान होतंय हेही कळतं. जीव नुसता जळतो. आबांनी माझ्या हातचं जेवण सोडलंय, ताट स्वतः वाढून घेतात. माणूस वाईट नाही, नातीवर जीव आहे त्यांचा, म्हणून तर जास्तच राग येतो.

शुक्रवारी मनस्वीच्या यंत्राचा सेल संपला, नवा द्यायला मी शाळेत गेले. तेवढ्यात खिडकीबाहेरच्या रस्त्याने मॅडमची स्कूटी आली. पोरीने ओळखलं. ती उठून उभी राहिली आणि गजांतून दोन्ही हात बाहेर काढून हलवायला लागली. मॅडमनीही हसून हात हलवला आणि स्कूटी आमच्या घराकडे वळवली.