मैदानाची निंदणी

क्षणभर डोळे मिटा आणि अकरा वर्षांचे व्हा. जे आत्ताच अकरा वर्षांचे आहेत त्यांनी नुसते डोळे मिटावेत. आता तुम्ही सातबोरीत आहात. साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, दिवाळी तोंडावर. अमळनेरहून धुळ्याला निघालेल्या एस.टी.त तुम्हाला डुलकी लागते ना, तेवढ्यात मागं पडणारं गाव म्हणजे सातबोरी. गावाला शाळा, शाळेला मैदान, मैदानात बाभळीच्या दोन खांबांचा गोल, आणि त्या गोलात तुम्ही उभे. म्हणजे तुम्ही गुंता आहात.

गुंता शाळेच्या संघाची गोलकीपर. तिला कुणी शिकवलं नव्हतं. उन्हाळ्यात गाडीत टरबुजं भरताना माणसं एकमेकांकडे फेकतात, त्या रांगेत ती दोन वर्षं उभी होती. एकही फुटलं नव्हतं. त्यामानाने फुटबॉल म्हणजे हलकं टरबूज.

त्या वर्षी जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांनी मिळून बारा वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा ठरवली. संघ आठ, सामने सात, भांडणं कुणी मोजली नाहीत. जळगावचे झुलालभाऊ म्हणाले, उद्घाटनाचा सामना आमच्याकडे, आमचा बँड चांगला. धुळ्याचे फत्तेसिंग सर म्हणाले, मग अंतिम सामना आमच्याकडे, तुमचा बँड घेऊन या. मग रुसलेल्या जळगावला दोन्ही उपांत्य सामने, आणि त्यावर रुसलेल्या धुळ्याला पहिल्या फेरीतले दोन. तीन-तीन झाले. उरला एक, सातबोरीच्या संघाचा. तो कुणीही घेतला तरी दुसऱ्याच्या पोटात दुखणार. शेवटी ठरलं, मैदान पसंत पडलं तर सामना सातबोरीतच, नाहीतर धुळ्याला. धुळं का? तर नाणं उडवलं तेव्हा छापा पडला.

गुंताचे आजोबा अभिमन नाना गावचे सरपंच. त्यांनी नातीला समोर बसवून निकाल देऊन टाकला, "खेयनं व्हई ते आठे खेय. धुयाले पोर धाडाव नही!"

म्हणजे मैदान पसंत पडलं तर गुंता खेळणार, नापसंत पडलं तर घरी बसणार. इतकं सोपं होतं. म्हणून तर ते बिघडलं.

समितीचं पत्र आलं, 'मैदान स्वच्छ व निगा राखलेले असावे.' नानांनी ते तीनदा वाचलं. मग मैदानाकडे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. पावसाळ्यानंतर मैदानभर घोट्याएवढं हिरवंगार, मऊ गवत माजलं होतं. ज्या माणसाच्या कपाशीत कधी तणाची काडी दिसली नाही, त्याच्या गावात पाहुणे येऊन हे पाहणार?

गुंता त्या दिवशी आईबरोबर अमळनेरच्या बाजारात गेली होती. संध्याकाळी एस.टी.तून उतरली तर मैदानावर तीस बाया ओळीनं बसून खुरपी चालवत होत्या. पुढं भागाबाई. निंदणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"देख व गुंते," भागाबाई घाम पुसत म्हणाली, "तुनं मैदान कसं चमकाडं!"

मैदान नुकतीच जावळं काढलेल्या बाळाच्या डोक्यासारखं दिसत होतं. गुंतानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायांना वाटलं, पोर आनंदानं गहिवरली.

दुसऱ्या दिवशी समिती आली, म्हणजे झुलालभाऊ आणि फत्तेसिंग सर. आधी वरण-बट्टी झाली. फत्तेसिंग सरांनी नको नको म्हणत सात बट्ट्या खाल्ल्या. मग दोघं पावलांनी मैदान मोजायला लागले. झुलालभाऊंची नव्वद भरली, फत्तेसिंग सरांची एकशे वीस.

"सर, तुमचं पाऊल नव्या नवरीचं."

"आणि तुमची ढांग बगळ्याची, भाऊ!"

तेवढ्यात सर थांबले. त्यांनी खाली पाहिलं. "गवत कुठं आहे?"

"बठ्ठं काढी टाकं!" नाना छाती काढून म्हणाले. "एक काडी सापडनी ते मिशी उतारी देसू."

"अहो नाना, फुटबॉल गवतावर खेळतात."

"गवतवर ढोरं चरतस, सर."

"आणि उघड्या जमिनीवर गोलकीपर पडला की सोलून निघतो. पोरांची कातडी म्हणजे काय कांदा आहे?" सरांनी पेन काढलं आणि कागदावर 'ना' लिहिलं. पुढचं 'पसंत' लिहायचं तेवढं राहिलं.

गुंता गोलात उभी होती. तिनं अंगठा जमिनीत रोवला. अंगठा सहज आत गेला. खुरप्यांनी माती वर-खाली झाली होती, आणि भागाबाईच्या बायकांनी तणाबरोबर खडेही वेचून बांधावर टाकले होते.

तिनं चेंडू सरांच्या पायापुढं आणून ठेवला. "मारा, सर."

"अगं, लागेल तुला."

"लागलं तर 'पसंत' लिहा पुढं. मी घरी जाते." ती परत गोलात जाऊन उभी राहिली.

सरांनी पाय उगारला. सात बट्ट्यांसकट मारलेली लाथ चेंडूला लागलीच नाही. पायातली चप्पल उडाली, झुलालभाऊंनी झेलली. "हा एक झाला!" ते म्हणाले. सर चिडले. दुसरी लाथ मात्र खरी होती. चेंडू डाव्या खांबाकडे सणसणत निघाला. गुंतानं आडवी उडी मारली, धप्पकन पडली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि पोटाशी चेंडू धरून उठली.

झुलालभाऊंनी तिची कोपरं, गुडघे झटकून पाहिले. "माती आहे. रक्त नाही."

सरांचा विश्वास बसेना. ते खाली बसले आणि स्वतःचं कोपर जमिनीवर घासून पाहू लागले. खुरप्यांसकट बांधावर बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग सरांनी 'ना' खोडलं आणि लिहिलं, 'गवत नाही. दगडही नाही. मऊ आहे. पसंत.' खाली दोघांच्या सह्या. सामना येत्या रविवारी, सातबोरीत.

"मऊ आवडनं का तुम्हले?" नाना हरखून बैलांचा चाबूक उचलत म्हणाले. "मंग रविवारलोंग अजून मऊ करी देतस! भागाबाई, उद्या परत निंदणी. आणि बैलं जुपा रे, वखर काढा!"

बायांनी खुरपी उचलली.

गुंतानं चेंडू खाली ठेवला. शाळेच्या ओट्यावरचं रिकामं पोतं उचललं आणि भागाबाईपासून सुरुवात करून एकेक खुरपं त्यात टाकत ओळीनं पुढं गेली. तीस झाली. मग नानांच्या हातातला बैलांचा चाबूक घेतला, तोही पोत्यात गेला. पोतं ओढत खेळाच्या खोलीत नेलं, कुलूप लावलं, किल्ली परकराच्या नाड्याला बांधून वर दोन गाठी मारल्या, आणि उरलेल्या बट्ट्या खायला घरी गेली.